पगारातून संघटनेची वर्गणी कापणं बंद झालंय, आता काय करू?

नमस्कार काका,

मी फोंड्याची. राज्य सरकारच्या एका खात्यात यूडीसी (वरिष्ठ क्लार्क) आहे (खात्याचं नाव नको) आणि आमच्या कर्मचारी संघटनेच्या शाखेची खजिनदार. शाखेत १४० मेंबर, महिन्याला ५० रुपये वर्गणी, ती पगारातूनच कापून संघटनेच्या खात्यात जायची. गेल्या महिन्यात आम्ही प्रमोशन आणि रिकाम्या पोस्टींसाठी पणजीला आझाद मैदानावर धरणं धरलं आणि आठवड्याभरात सर्क्युलर आलं. जुनी संमतीपत्रं आता चालणार नाहीत, ज्याला वर्गणी कापून हवी त्याने १५ दिवसांत स्वतः एस्टॅब्लिशमेंटमध्ये येऊन नवीन फॉर्मवर सही करायची, नाहीतर कपात बंद. त्यातच कळलं की मागच्या दोन महिन्यांची वर्गणी आमच्या स्लिपवर कापलेली दिसते पण संघटनेच्या खात्यात आलेलीच नाही. आतापर्यंत फक्त २२ जणांनी फॉर्म दिलेत. बाकीचे म्हणतात, पगारातून जात होते तोवर ठीक होतं, आता साहेबासमोर जाऊन सही कोण करणार. एक नवीन एलडीसी (कनिष्ठ क्लार्क) मुलगा तर सरळ विचारतो, वर्गणी न देता पण डीए मला मिळतोच, मग देऊ कशाला? घरी मिस्टर म्हणतात खजिनदारकी सोड, उगाच काणकोणला बदली करून टाकतील. सरकारला असं कपात बंद करता येतं का? आणि वर्गणी आता माझ्या जीपेवर घेतली तर चालेल का?

– फोंड्याची एक वाचक

बाय, तू शेवटी जे विचारलंस त्याचं उत्तर आधी देतो कारण ते उद्याच घडू शकतं. स्वतःच्या जीपेवर एक रुपया पण घेऊ नकोस. सरकारी नोकरीतल्या बाईच्या पर्सनल खात्यात महिन्याच्या महिन्याला शंभर-सव्वाशे माणसांकडून पन्नास पन्नास रुपये येतायत हे उद्या कोणी तक्रार म्हणून वर पाठवलं तर तू कितीही प्रामाणिक असलीस तरी खुलासा देत बसशील, आणि ज्याला तुझ्याविरुद्ध काहीतरी शोधायचंय त्याला घरबसल्या मिळेल. संघटनेचं बँकेत खातं आहे ना, मग त्याच खात्याचा क्यूआर कोड बँकेकडून काढून घ्या, पैसे तिथेच जाऊदेत. गोळा कसे करायचे ते पुढे सांगतो.

त्याच्याही आधी ते दोन महिन्यांचे पैसे. १४० जणांचे ५० म्हणजे महिन्याला ७,००० आणि दोन महिन्यांचे १४,००० रुपये. रक्कम लहान वाटते म्हणून लोक सोडून देतात, तू सोडू नकोस. सर्क्युलरचं भांडण आणि हे पैसे या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एका अर्जात अजिबात मिसळायच्या नाहीत. पुढची कपात करायची की नाही यावर खातं वाद घालू शकतं, पण जे कापून झालंय ते सरकारचे पैसे नाहीत, ते तुमच्या घामाचे आहेत, माणसाने सांगितलं अमुक ठिकाणी पाठवा म्हणून ते कापले गेले, तर एकतर ते तिथे पोचले पाहिजेत नाहीतर त्या माणसाला परत मिळाले पाहिजेत. तिसरा रस्ताच नाही.

मी नोकरीची बरीच वर्षं पे-बिलाच्या टेबलावर काढलीत म्हणून एक सांगतो, पैसे अडकले म्हणजे दर वेळी कोणी मुद्दाम अडकवले असं नसतं. आधी संघटनेच्या खात्याचा नंबर आणि आयएफएससी कोड पे-बिलाच्या सिस्टममध्ये बरोबर आहे का ते बघा. २०१९-२० मध्ये बँका एकमेकांत गेल्या, देना नि विजया बँक बडोद्यात, कॉर्पोरेशन युनियनमध्ये, सिंडिकेट कॅनरात, तेव्हापासून कोड बदलले आणि गोव्यात तर या बँकांत खूप संस्थांची खाती होती. कोणी सिस्टममध्ये काही अपडेट करताना जुनाच कोड घातला की रक्कम परत येते आणि खात्याकडेच पडून राहते. म्हणून अर्जात कोणावर आरोप नको. दहा-बारा मेंबरांच्या दोन्ही महिन्यांच्या स्लिपांच्या झेरॉक्स लावा (त्यांना विचारून), संघटनेच्या पासबुकाचं पान लावा आणि डीडीओला, म्हणजे पगाराची बिलं काढणाऱ्या अधिकाऱ्याला, चार ओळींत विचारा की या या महिन्यात कापलेली एकूण वर्गणी किती, ती कुठल्या तारखेला, कुठल्या व्हाउचरने, कुठल्या खात्यात जमा झाली, आणि झाली नसेल तर कधी होणार. प्रत लेखा संचालनालयाला. अर्ज अध्यक्ष आणि सेक्रेटरीच्या सहीने जाऊदे, तुझ्या एकटीच्या नको, आणि आवक शिक्का मारलेली कॉपी फाइलला लावायची. उत्तर आलं नाही तर तोच प्रश्न माहिती अधिकारात टाका, त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं आणि पैशाची नोंद मागितली की सहसा कोणी नाही म्हणत नाही.

आता तुझा मोठा प्रश्न, सरकारला असं बंद करता येतं का. बाय, इथे तुला गोड लागेल असं उत्तर देता आलं असतं पण ते खरं नसेल. वर्गणी पगारातून कापून देणं, ज्याला आपण चेक-ऑफ म्हणतो, ही सोय आहे. हक्क आहे तो मेंबर होण्याचा. ह्या दोन गोष्टी तुमच्या शाखेत सध्या एकमेकीत अडकल्यात म्हणून सगळे घाबरलेत, फॉर्म नाही दिला म्हणजे आपण मेंबर राहिलो नाही असं लोकांना वाटतंय, आणि ते तसं नाही हे आधी नोटीसबोर्डावर लावा. मेंबर कोण हे संघटनेची घटना आणि संघटनेचं रजिस्टर ठरवतं, पे-बिल नाही.

तुमच्यातलं कोणीतरी नक्की म्हणत असेल की पेमेंट ऑफ वेजेस ॲक्टमध्ये लिहिलंय ना. लिहिलंय. त्या १९३६ च्या कायद्यात १९८२ च्या दुरुस्तीने ते आलं, की कामगाराने लेखी संमती दिली तर रजिस्टर्ड युनियनची वर्गणी पगारातून कापता येईल. तो कायदा आता वेतन संहितेत गेलाय जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिथेही ही कपात कलम १८ मध्ये आहे. पण नीट वाचलं तर तिथे मालकाला कापायची परवानगी दिलीय, कापलंच पाहिजे असं बंधन नाही. दुसरं म्हणजे पगार देण्याबद्दलचं ते प्रकरण सरकारच्या स्वतःच्या कचेऱ्यांना आपोआप लागूच होत नाही, सरकारने अधिसूचना काढली तरच होतं. तेव्हा हे कलम घेऊन साहेबाच्या केबिनमध्ये गेलात तर तो शांतपणे तुम्हाला हेच दाखवेल. त्यापेक्षा सर्क्युलरची कॉपी हातात घ्या आणि बघा ते कोणी काढलंय, कुठल्या नियमाचा किंवा आदेशाचा हवाला आहे, फक्त तुमच्या संघटनेला आहे की खात्यातल्या सगळ्या संघटनांना आणि सोसायटीच्या, एलआयसीच्या कपातींना पण. फक्त धरणं धरलेल्या एका संघटनेची कपात थांबवली आणि बाकी सगळ्यांची चालू ठेवली तर तो तुमचा सगळ्यात मजबूत मुद्दा आहे, तो लेखी मांडा आणि गरज लागली तर वकिलाला दाखवा. सगळ्यांना सारखं असेल तर तो मुद्दा गेला, मग मुदतवाढ आणि फॉर्म द्यायच्या पद्धतीवर बोला.

नवीन संमती मागणं यात वाईट काही नाही हे पण मान्य करूया. लेखी संमती हे कर्मचाऱ्याचंच संरक्षण आहे, उद्या कोणी तुला न विचारता तुझ्या पगारातून भलत्याच संघटनेला पैसे द्यायला लागलं तर हीच संमती तुला वाचवेल. वाईट आहे ते १५ दिवसांची मुदत आणि ते "स्वतः येऊन". त्याने माणूस एकटा पडतो आणि साहेबाच्या टेबलासमोर उभा राहून सांगतो की मी यांच्यातला. म्हणून मागणी एवढीच करा की भरलेले फॉर्म संघटना एकत्र आणून देईल, यादीसकट, आणि पोच घेईल, शिवाय महिनाभर मुदत वाढवा. ही मागणी इतकी साधी आहे की नाकारायला कारण द्यावं लागेल.

ह्या यादीचा विषय मी थोडा ताणणार आहे कारण मला यात खरंच काळजी वाटते. पगारातून कपात म्हणजे मालकाच्या हातात दर महिन्याला अपडेट होणारी यादी, कोण कुठल्या संघटनेत. चांगल्या दिवसांत ती तुमची ताकद मोजायला उपयोगी पडते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९९३ चे मान्यतेचे नियम आहेत त्यात तर मेंबरशिप मोजायची पद्धतच चेक-ऑफ ठरवलीय, त्या वर्गातले साधारणपणे किमान ३५ टक्के कर्मचारी असले तर मान्यता. म्हणजे कपात थांबली की पैसे जातात आणि आकडा पण जातो, आणि आकडा गेला की बोलणीच्या टेबलावरची खुर्ची जाते. म्हणून फूड कॉर्पोरेशनमध्ये जेव्हा मेंबरशिप कशी मोजायची हा वाद सुप्रीम कोर्टात गेला तेव्हा दोन्ही बाजू गुप्त मतदानाला तयार झाल्या आणि १९९५ मध्ये कोर्टाने त्याची सविस्तर पद्धत घालून दिली. तुमचं खातं कुठल्या नियमाने संघटना मोजतं ते सेक्रेटरीला विचार, आणि आजपासून तुमचं स्वतःचं रजिस्टर सह्यांसकट अपडेट करा, कारण पगारातली कपात बंद झाल्यावर तुमचे १४० आहेत हे दाखवायला दुसरा कागद नसेल.

दुसरीकडे काय झालं ते पण सांगतो, कारण हे फक्त तुमच्या खात्यात झालेलं नाही आणि सरकारं हे हत्यार का वापरतात ते त्यातून कळतं. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात २०११ मध्ये गव्हर्नर स्कॉट वॉकरने ॲक्ट १० आणला, त्यात बहुतेक सरकारी कर्मचाऱ्यांच्या युनियनची पगारातली कपात बंद, शिवाय दर वर्षी नव्याने मतदान घेऊन युनियनने आपण आहोत हे सिद्ध करायचं. पोलीस आणि अग्निशमनवाल्यांना यातून वगळलं. मॅडिसनला विधानभवनात आठवडेच्या आठवडे माणसं बसून होती, तरी कायदा झाला आणि मेंबरशिप धडाधड खाली आली. २०२४ च्या डिसेंबरात तिथल्या एका न्यायाधीशाने तो बराचसा कायदा रद्द ठरवला, कारण काय, तर काही कर्मचाऱ्यांना एक न्याय आणि बाकीच्यांना दुसरा, ते पुढे अपिलात गेलं. म्हणून तुला म्हटलं की सर्क्युलर सगळ्यांना आहे की फक्त तुम्हाला हे आधी बघ. त्याच अमेरिकेतलं सुप्रीम कोर्ट २००९ मध्ये आयडाहो राज्याच्या केसमध्ये म्हणालं होतं की युनियनच्या राजकीय कामासाठीचे पैसे सरकारने आपल्या पगारयंत्रणेतून कापून द्यायलाच पाहिजेत असं काही नाही. आणि २०२५ च्या मार्चमध्ये तिथल्या अध्यक्षांच्या आदेशानंतर केंद्रातल्या बऱ्याच खात्यांनी कपात थांबवली तेव्हा सगळ्यात मोठ्या युनियनला, एएफजीईला, महिन्याभरात आपला अर्ध्याहून जास्त स्टाफ कमी करायची वेळ आली. एवढी मोठी संस्था, पण पैसा यायचा नळ एकच आणि त्याची चावी मालकाकडे.

इंग्लंडची गोष्ट मात्र वेगळी झाली आणि तुमच्या कामाची तीच आहे. २०१४-१५ च्या सुमारास तिथल्या सरकारी खात्यांनी एकामागून एक कपात बंद करायला घेतली. पीसीएस नावाची त्यांची सरकारी कर्मचाऱ्यांची युनियन कोर्टात तर गेलीच पण कोर्टाची वाट बघत बसली नाही, ऑफिसाऑफिसात माणसं पाठवून एकेकाला गाठलं आणि वर्गणी थेट बँकेतून जाईल असे फॉर्म भरून घेतले. कोर्टाचा शेवटचा निकाल सुप्रीम कोर्टातून आला २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, युनियनच्या बाजूने, की कपातीची अट नोकरीच्या करारात होती आणि युनियनला ती स्वतःच्या नावाने मागता येते. दहा वर्षं बाय! कोर्टावरच बसले असते तर निकाल घ्यायला युनियनच राहिली नसती. तुम्ही पण अर्ज करा, मुदतवाढ मागा, भांडा, पण त्या भांडणाचा निकाल काहीही लागो, ह्या महिन्याची वर्गणी ह्या महिन्यातच गोळा झाली पाहिजे. माझं सांगणं खरं म्हणजे एवढंच आहे.

कशी करायची बघ. १४० माणसांमागे तू एकटी फिरू नकोस, सात जण घ्या आणि एकेकाकडे वीस नावं द्या, आपापल्या सेक्शनमधली, ओळखीची. महिन्याला ५० मागत फिरण्यापेक्षा सहा महिन्यांचे ३०० एकदम घ्या, एकदा चवथीच्या आधी आणि एकदा वर्षाच्या सुरवातीला, लोकांना ते सोपं जातं आणि तुमचंही फिरणं वाचतं. ज्याला नेटबँकिंग जमतं त्याला पगाराच्या खात्यातून दर महिन्याच्या ठराविक तारखेला संघटनेच्या खात्यात पैसे जातील अशी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावून द्या, ती लावताना शेजारी बसा, नुसतं व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट टाकून कोणी करत नाही. बाकीच्यांना क्यूआर. आणि कॅश देणारे पण असणार, शिपाई, मल्टी-टास्किंगवाले, रिटायरमेंटला आलेले, त्यांच्यासाठी छापील पावतीपुस्तक, नंबर घातलेलं, स्थळप्रतीसकट. पावतीशिवाय कोणाचे दहा रुपये पण नको. कॅश दोघांनी मोजायची, आठवड्याच्या आत बँकेत भरायची, तुझ्या कपाटात रात्रभर सुद्धा जास्त रक्कम राहायला नको.

दोन पथ्यं अजून. पैसे फक्त मेंबरांकडूनच घ्या. एखादा कॉन्ट्रॅक्टर किंवा ऑफिससमोरचा दुकानवाला प्रेमाने म्हणेल मी पण देतो, तर हात जोडून नाही म्हणा, बाहेरून निधी गोळा करायला सरकारी नोकराला आधी परवानगी लागते, आचरण नियमांत ते आहे आणि आपल्याकडे बरेचसे केंद्राचेच सेवानियम चालतात. आणि हे सगळं काम जेवणाच्या सुट्टीत नाहीतर सुटल्यावर, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर यादी नको, ऑफिसच्या ईमेलवरून मेसेज नको, ऑफिसच्या कागदावर पावती नको.

खर्च पण तितकाच स्वच्छ पाहिजे. २०२३ च्या एप्रिलमध्ये टपाल खात्याने आपल्या सगळ्यात जुन्या युनियनपैकी एकीची आणि तिच्या फेडरेशनची मान्यता काढून घेतली, आरोप काय तर निधीतून शेतकरी आंदोलनाला ३०,००० दिले, सीटू या डाव्या कामगार संघटनेला ५०,००० दिले आणि एका राजकीय पक्षाकडून ४,९३५ रुपयांची पुस्तकं घेतली. मला स्वतःला ती कारवाई फार कठोर वाटली, शेतकऱ्यांना मदत केली म्हणून लाखो टपालवाल्यांचा आवाज काढून घ्यायचा हे मनाला पटत नाही. पण १९९३ च्या नियमांत राजकीय निधी ठेवायला, पक्षाचा प्रचार करायला मनाई आहे आणि खात्याने तेच बोट धरलं. तेव्हा तुमच्या खर्चात असा एक व्हाउचर पण नको ज्याचा अर्थ दुसऱ्याला वेगळा लावता येईल. दर तिमाहीला जमाखर्च नोटीसबोर्डावर लाव, जमा किती, हॉल भाडं किती, वकील किती, शिल्लक किती, सगळं. २२ चे १०० व्हायला भाषणापेक्षा हा कागद जास्त कामाला येईल, कारण पगारातून आपोआप जात होते तेव्हा आपल्या ५० रुपयांचं पुढे काय होतं हे कोणी विचारत नव्हतं आणि खरं सांगायचं तर कुठलीच शाखा स्वतःहून सांगत पण नव्हती.

आता तो एलडीसी मुलगा. त्याच्यावर कोणी चिडू नका, त्याचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि तो जगभर विचारला गेलाय. अमेरिकेत आधी नियम होता की मेंबर नसलास तरी युनियन तुझ्यासाठी पण बोलणी करते म्हणून त्या खर्चाचा वाटा तुझ्या पगारातून कापणार. इलिनॉय राज्यातल्या मार्क जेनस नावाच्या सरकारी कर्मचाऱ्याने याला आव्हान दिलं, महिन्याला साधारण ४५ डॉलर कापले जात होते त्याचे, आणि २०१८ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की सरकारी कर्मचाऱ्याकडून त्याच्या संमतीशिवाय असे पैसे घेता येणार नाहीत. आपल्याकडे तर तशी सक्ती आधीपासूनच नाही. म्हणजे तो मुलगा वर्गणी न देता राहू शकतो आणि डीए त्याला मिळणारच, हे त्याला सरळ सांगा, खोटी भीती घालू नका. मग त्याला सांगा की डीए सगळ्यांचा असतो पण त्याचा स्वतःचा प्रश्न फक्त त्याचा असतो. प्रोबेशन लांबवलं, इन्क्रीमेंट अडकली, सिनिऑरिटी लिस्टमध्ये नाव खाली गेलं, बाळंतपणात बायकोजवळ राहायची रजा नाकारली, तेव्हा त्याच्यासोबत साहेबाच्या केबिनमध्ये कोण येणार? ते येणाऱ्यांचा पणजीचा तिकीट खर्च, टायपिंग, वकिलाची फी त्या ५० रुपयांतूनच निघते. आणि त्याला एखादं काम द्या, क्यूआर आणि स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावून द्यायचं काम तुमच्यातल्या पन्नाशीवाल्यांपेक्षा तो लवकर करेल. मेंबर झाला नाही तरी चहाला बोलवत राहा. तोंड फिरवून कोणी संघटनेत आलेलं मी तरी बघितलं नाही.

आणि मिस्टरांचं म्हणणं. ते घाबरतायत ते तुझ्यासाठी, त्यांना हसू नकोस. बदलीची भीती खरी आहे, फोंडा ते काणकोण रोज जाऊन-येऊन घर आणि मुलं सांभाळणं म्हणजे काय ते घरातल्यांनाच कळतं. पण त्यांना हे पण वाचून दाखव. सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्ये दोन निकाल दिले. एक कामेश्वर प्रसाद यांच्या बिहारच्या केसमध्ये, की शांततेने निदर्शनं करायला सरकारी नोकराला सरसकट बंदी घालता येत नाही. दुसरा ओ. के. घोष केसमध्ये, की संघटनेला सरकारची मान्यता नाही एवढ्यावरून तिचा मेंबर व्हायला मनाई करता येत नाही, तो माणसाचा घटनेतला हक्क आहे. संपाची गोष्ट वेगळी, २००३ च्या तामिळनाडूच्या केसमध्ये कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की सरकारी नोकरांना संपाचा हक्क नाही, तेव्हा तुमच्यात कोणी गरम डोक्याचा संपाची भाषा करत असेल तर त्याला आवरा. रजा टाकून किंवा सुटल्यावर धरणं, लेखी निवेदन, वर्गणी, मेंबरशिप, इतकं करणाऱ्याला कायदा सोबत आहे. आपल्या गोव्यात १९६१ च्या आधी पोर्तुगीज राजवटीत संप बेकायदा, मोकळी युनियन बेकायदा, त्या दिवसांतली माणसं अजून काही घरांत आहेत, त्यांना विचारलं तर सांगतील.

तरीही तुला घरचा ताण झेपत नसेल तर पद सोडलंस म्हणून मी तुला कमी समजणार नाही, कोणीच समजू नये. फक्त आत्ता, हे १४,००० अडकलेले असताना आणि सर्क्युलर चालू असताना सोडू नकोस. आत्ता सोडलंस तर दोन महिन्यांचा हिशेब तुझ्याच नावावर लोंबकळत राहील आणि लोक उलटसुलट बोलतील. ते पैसे जमा होऊदेत किंवा मेंबरांना परत मिळूदेत, वर्षाचं ऑडिट होऊदे, मग जनरल बॉडीत ठराव करून पासबुक, चेकबुक, पावतीपुस्तकं, रजिस्टर, सगळं यादी करून नवीन खजिनदाराच्या सहीने ताब्यात दे आणि त्या यादीची एक प्रत घरी ठेव. बँकेत सही बदलल्याचं पत्र आल्याशिवाय मोकळी झालीस असं समजू नकोस.

डीडीओचा अर्ज ह्याच आठवड्यात जाऊदे, मुदतवाढीचा त्याच दिवशी पण वेगळ्या कागदावर. पावतीपुस्तक आधी छापायला टाक, चवथ जवळ आली की फोंड्यातले प्रेसवाले अहवाल, पत्रिका नि स्मरणिकांत अडकतात आणि मग तुझं काम पंधरा दिवस मागे पडेल.